शाळा अचानक सुटली, तर मूल कोणाच्या हाती?

ठाणेकरीण
मंडळी, गेल्या गुरुवारी काय झालं ते आधी सांगते, मग प्रश्न विचारते.

सकाळपासून पाऊस कोसळत होता. पावणेबाराला शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप आला: ‘मुसळधार पावसामुळे शाळा साडेबाराला सुटेल, पालकांनी मुलांना घेऊन जावे.’ मी लॅबमध्ये, फोन बाहेर लॉकरमध्ये. नवरा कामासाठी पुण्याला. निरोप दिसला तेव्हा दीड वाजला होता. शाळेचा फोन कुणी उचलेना. रिक्षा मिळेना. सव्वादोनला गेटवर पोचले तर वॉचमन म्हणाले, “तो केव्हाच गेला, कुणीतरी नेलं त्याला.”

‘कुणीतरी’ हा शब्द ऐकून पायातलं बळच गेलं. लेक दुसरीत आहे. आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंकडे तो सापडला. काकूंच्या नातीला आणायला गेलेल्या ड्रायव्हरने त्यालाही गाडीत घेतलं होतं. मी पोचले तेव्हा पोहे खात बसला होता. काकूंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण त्या ड्रायव्हरला शाळेत कुणीही ओळखत नव्हतं, आणि माझा मुलगा ‘दादा ओळखीचा आहे’ म्हणाला एवढ्यावर त्याला सोडलं.

तुमच्याकडे अशा वेळी मूल कोणाच्या हाती द्यायचं हे कुठे लिहिलेलं असतं का? त्याचा सराव होतो का? आग, भूकंप, पूर, काहीही असो. आणि घरून आपण काय तयारी ठेवायची?

चिंचपाटी
बाप रे, वाचतानाच पोटात गोळा आला. मूल सुखरूप आहे हे पहिल्यांदा. आमच्याकडे आयकार्डवर आईवडिलांचे नंबर आहेत, बाकी काही नाही. वाचतेय.

कलिनाचा_मुलगा
ताई, २६ जुलै २००५ ला मी सहावीत होतो. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. दुपारनंतर बाहेर गुडघाभर पाणी होतं. काही मुलांना बसने घरी पाठवलं. आम्ही साठ-सत्तर जण राहिलो, कारण आमची बस आलीच नाही. तेव्हा आम्ही रडलो होतो की आपल्यालाच का ठेवलं. नंतर कळलं, जी बस निघाली ती पुलाच्या अलीकडे अडकली आणि त्यातली मुलं पहाटेपर्यंत बसमध्येच होती, सीटवर उभी राहून.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर कोरडे होतो. पाठीमागच्या चाळीतल्या बायकांनी पातेलंभर खिचडी करून डोक्यावरून आणली. आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी फळ्यावर खडूने सगळ्यांची नावं लिहिली. जो न्यायला येईल त्याने समोर नाव, नातं आणि वेळ लिहून सही करायची, मगच मूल खाली. रात्री नऊला माझा सख्खा मामा कमरेभर पाण्यातून आला. बाईंनी मला सोडलं नाही! मी ‘मामा, मामा’ म्हणून रडत होतो, तरी म्हणाल्या, “मुलगा घाबरलेला आहे, तो कुणालाही मामा म्हणेल. याच्या आईची चिठ्ठी आणा, नाहीतर तुम्हीही इथेच झोपा.” मामा तिथेच झोपला. सकाळी बाबा आले.

घरी गेल्यावर मामा जाम संतापला होता. आईने मात्र दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरी जाऊन त्यांची ओटी भरली.

परडी
@कलिनाचा_मुलगा, प्रतिसाद वाचून डोळे भरून आले. पण खरं सांगू? मी त्या मामाच्या जागी असते तर मलाही राग आला असता. एवढ्या पाण्यातून आलेल्या माणसाला अडवायचं म्हणजे बाईंचं काळीज केवढं हवं.

बंबवाला
मी अग्निशमन दलात बावीस वर्षं काढली. शाळांच्या तपासणीला कित्येकदा गेलोय, म्हणून जरा मोठं लिहितो.

महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. पालकसभेत एवढंच विचारा, “या जुलैचा फॉर्म बी दाखवता का?” उत्तरावरून बरंच कळतं.

पण कागद नीट असलेल्या शाळांतही मी तीन गोष्टी पुन्हा पुन्हा पाहिल्यात. मागच्या गेटला कुलूप आणि चावी शिपायाच्या खिशात, तो गेलाय बँकेत. जिन्याखाली मोडके बाक, जुने पेपर, गॅदरिंगचे पडदे. आणि वर्गाच्या खिडक्यांना पक्क्या जाळ्या, ज्या आतून उघडत नाहीत.

१६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमला शाळेला आग लागली. स्वयंपाकघरातून सुरुवात, वर झावळ्यांचं छप्पर, चिंचोळा जिना. ९४ मुलं गेली. त्यावरून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली आणि २००९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की सुरक्षित शाळेत शिकणं हा मुलाच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. प्रत्येक शाळेत आग विझवायची साधनं हवीत आणि शिक्षकांना ती वापरण्याचं शिक्षण हवं, असेही आदेश दिले.

अजून एक, कारण डिसेंबरात सगळीकडे गॅदरिंग असतं. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणात डबवालीला शाळेच्या बक्षीस समारंभात मांडवाला आग लागली. चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं फार. कापडी मांडव, वरून पेटतं कापड पडतंय आणि बाहेर पडायला वाट अपुरी. तुमच्या शाळेचं गॅदरिंग मांडवात असेल तर आधी वाटा मोजा आणि खुर्च्यांच्या मधली मोकळी जागा पाहा. मी अजूनही नातीच्या कार्यक्रमाला गेलो की पहिल्यांदा हेच करतो.

चिंचपाटी
बंबवाला काका, फॉर्म बीचं लिहून घेतलं. मोलाची माहिती.

जिपगुरुजी
मी सह्याद्रीच्या घाटाखाली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. पहिली ते पाचवी, बत्तीस मुलं, आम्ही दोन शिक्षक. तुमच्या शहरातली लिफ्ट, फायर अलार्म आमच्याकडे नाही. आमचे धोके वेगळे.

पावसाळ्यात साप हमखास. गेल्या वर्षी पोषण आहाराच्या तांदळाच्या गोणीमागे घोणस निघाली. सर्पदंशाच्या बाबतीत मुलांकडून मी रोज परिपाठात म्हणून घेतो: हालचाल नको, कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, मांत्रिक नको, सरळ दवाखाना. कोणत्या दवाखान्यात प्रतिविष लस आहे हे मी जूनमध्ये स्वतः जाऊन पाहून येतो. भिंतीवर ऑइल पेंटने १०८, सरपंच, जीपवाला आणि दवाखाना असे नंबर लिहिलेत, कारण पावसात कागद टिकत नाही.

खरी अडचण सांगतो. शाळा द्विशिक्षकी. एक मूल घेऊन एक शिक्षक दवाखान्यात गेला की उरलेली एकतीस मुलं दुसऱ्याकडे. तो रजेवर किंवा मीटिंगला असेल तर? म्हणून गावातल्या चार जणांना आम्ही सांगून ठेवलंय: आहार शिजवणाऱ्या मावशी, अंगणवाडीच्या ताई, किराणा दुकानदार आणि एक निवृत्त एसटी कंडक्टर. घंटा सलग वाजली की हातातलं टाकून शाळेत यायचं. कंडक्टर काका तर तिकिटं फाडल्यासारखी मुलं मोजतात, “पुढे सरका, पुढे सरका” करत. एक डोकं चुकत नाही.

आहाराचंही सांगतो. वाटायच्या आधी शिक्षकाने चव घ्यायची आणि वहीत नोंद करायची. अनेकांना हा कागदी सोपस्कार वाटतो. १६ जुलै २०१३ ला बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामनला तेलात कीटकनाशक गेलं आणि २३ मुलं दगावली. बंबवाला काकांनी कुंभकोणमची तारीख दिली तीही १६ जुलैच. त्या दिवशी मी परिपाठात दोन्ही शाळांसाठी मुलांना शांत उभं करतो.

परडी
गुरुजी, नमस्कार घ्या माझा. कंडक्टर काकांनाही सांगा.

तोक्योतला_तांबे
धागा वाचून लिहावंसं वाटलं. आठ वर्षं जपानात आहे, मुलगी इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत चौथीत.

इथे प्रत्येक मुलाच्या खुर्चीवर एक जाड उशी असते. भूकंप झाला की तीच उलटून टोपडं म्हणून डोक्यावर घालायची. तिला ‘बोसाई झुकिन’ म्हणतात. मुलांना चार अक्षरं पाठ असतात, ओ-हा-शी-मो: ढकलू नका, पळू नका, बोलू नका, मागे फिरू नका. लेक घरात आजीलाही हेच ऐकवते. १९२३ च्या कांतो भूकंपाची आठवण म्हणून १ सप्टेंबरला देशभर सराव होतात.

ताईंच्या प्रश्नाशी नेमका जुळणारा प्रकार म्हणजे ‘हिकीतोरी कुनरेन’. हिकीतोरी म्हणजे ताब्यात घेणं. पालकांनी मूल ताब्यात घ्यायचा सराव! आमच्या शाळेत ठरलेल्या दिवशी पालक येतात, रांगेत उभे राहतात. शिक्षकांच्या हातात प्रत्येक मुलाचं कार्ड असतं. त्यावर कोण कोण नेऊ शकतं त्यांची नावं, नातं, फोन. नाव जुळलं, मुलाने ओळखलं, सही झाली, मग मूल हातात. माझी बायको गावाला गेली होती त्या वर्षी मी ऑफिसातून दोन तास रजा घेऊन गेलो. साहेबांनी एक शब्द विचारला नाही.

पण दुसरी बाजूही लिहितो. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत इशिनोमाकीच्या ओकावा प्राथमिक शाळेची १०८ पैकी ७४ मुलं गेली. भूकंपानंतर जवळपास ५० मिनिटं मुलं पटांगणात थांबली होती. मागेच टेकडी होती. पालकांनी खटला भरला आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. आधीपासून योजना नीट करून ठेवली नाही, हा दोष न्यायालयाने मान्य केला. उलट कामाइशीत माध्यमिक शाळेची मुलं स्वतःहून उंचावर पळाली, वाटेत शेजारच्या प्राथमिक शाळेतल्या लहानग्यांचे हात धरून त्यांनाही वर नेलं. वर्षानुवर्षं सराव केला होता त्यांनी.

आणि काही ठिकाणी मुलं पालकांच्या ताब्यात दिली, ती घरी जाताना वाटेत लाटेत सापडली. म्हणून आता त्सुनामीचा इशारा असेल तर इथल्या कित्येक शाळा मूल देतच नाहीत. “तुम्हीही आमच्याबरोबर वर चला,” म्हणतात.

कलिनाचा_मुलगा
तांबे दादा, शेवटचा परिच्छेद वाचून बाई आठवल्या. ‘तुम्हीही इथेच झोपा.’ त्यांना हे कुणी शिकवलं असेल?

मोकळंच_बोलते
माझं मत जरा वेगळं आहे. सगळे शाळेला बोल लावतायत, पण आपण पालक काय करतो? मागच्या वर्षी आमच्या भागात गॅसच्या वासाची नुसती अफवा उठली. दहा मिनिटांत गेटवर दोनशे दुचाक्या, चाळीस गाड्या. आत यायला अग्निशमनच्या गाडीला वाट नाही. एक बाबा भिंतीवर चढले. मूल शाळेत सुरक्षित असताना आपणच रस्ता बंद करून बसलो. शाळेने ‘थांबा’ सांगितलं तर थांबायची आपली तयारी आहे का? माझी त्या दिवशी नव्हती, हे मी कबूल करते.

बंबवाला
शंभर टक्के अनुमोदन. गाडीला वाट मिळणं हीच पहिली मदत.

पाचवीची_आई
यावर सोपा उपाय म्हणजे मुलांना साधा फोन द्यावा. बटणवाला, फक्त कॉलपुरता.

कलिनाचा_मुलगा
२६ जुलैला मोबाइल लागतच नव्हते. ज्या एसटीडी बूथचा फोन चालू होता तिथे रांग लागली होती. फोनवर विसंबू नका. मुलाला दोन नंबर आणि घरचा पत्ता तोंडपाठ हवा. आजकाल मोठ्यांनाही एकमेकांचे नंबर पाठ नसतात.

एडिसनची_वहिनी
आम्ही न्यू जर्सीत. इथे कायद्यानेच दर महिन्याला एक आगीचा सराव आणि एक सुरक्षेचा सराव असतो. सुरक्षेचा म्हणजे कुणी बंदूक घेऊन शिरलं तर. दिवे बंद, दार बंद, मुलं कोपऱ्यात चिडीचूप. धाकटी बालवाडीत होती तेव्हा घरी येऊन म्हणाली, “आई, आज मी सगळ्यात छान गप्प बसले.” त्या रात्री मला झोप लागली नाही.

सराव हवाच. पण मुलांशी नंतर बोलायलाही हवं. आमच्या शाळेतल्या एका शिक्षिका सरावानंतर वर्गात गाणं घेतात. मुलं मोकळी होतात.

माळवद
मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ ला चौथीत होतो. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गाव नुकतंच झोपलं होतं, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद, त्या भाराखाली माणसं गेली. हेच दिवसा झालं असतं तर आमची शाळाही तशाच भिंतींची होती. हा विचार मी आजही पुढे नेऊ शकत नाही.

त्यानंतर आम्ही मुलं छताखाली बसायलाच तयार नव्हतो. गुरुजींनी दिवाळीपर्यंत लिंबाखाली शाळा भरवली. मग पत्र्याच्या शेडमध्ये, दाराजवळ. रोज एक रांग आत सरकवायचे. घाई केली नाही. एडिसनच्या वहिनी म्हणतात ते बरोबर आहे, भीतीलाही वेळ द्यावा लागतो.

शांतपणे
माझ्या मुलीला फिट्स येतात, म्हणून आमच्यासाठी ‘आणीबाणी’ हा वर्षातून दोन-तीनदा येणारा दिवस आहे. पहिल्या शाळेत तिच्या तोंडात चमचा घातला होता, दात तुटला. चप्पल हुंगवली. दुसऱ्या शाळेत प्रवेश घेतानाच मी मुख्याध्यापिकांना अर्धा तास मागितला आणि सगळ्या शिक्षकांना, बसच्या ताईंनाही बोलावलं. कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान बाजूला करा, तोंडात काही घालू नका, धरून ठेवू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं तर लगेच दवाखाना. तिचं औषध, डॉक्टरांची चिठ्ठी आणि फोटो एका डब्यात ऑफिसात आहे, दुसरा डबा बसमध्ये.

तुमच्या मुलाला दमा असेल, मधुमेह असेल, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर लपवू नका. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून प्रवेशअर्जात ‘काही नाही’ लिहिणारे पालक मी पाहिलेत. आणि कुबड्या किंवा चाकाची खुर्ची वापरणारं मूल असेल तर त्याचा वर्ग तळमजल्यावरच हवा, कारण आगीत लिफ्ट वापरता येत नाही.

पाचवीची_आई
@शांतपणे, माझ्या लेकाला दमा आहे. पंप फक्त दप्तरात असतो आणि खेळाच्या तासाला दप्तर वर्गात. उद्याच दुसरा पंप ऑफिसात ठेवते. फोनचा मुद्दाही पटला.

रानवाट
थोडं अवांतर. सहलीचं कुणी बोललं नाही. किल्ल्यावर आग्या मोहोळ असतं तिथे मुलांनी अत्तर, बॉडी स्प्रे मारून जाऊ नये, चूल पेटवू नये आणि दगड तर मारूच नये. माशा उठल्याच तर चेहरा झाकून लांब निघून जायचं, हात झटकत उभं राहायचं नाही. वीजही तशीच. मे-जूनच्या वळवाच्या पावसात झाडाखाली थांबू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपास पडणाऱ्या विजेची सूचना देतं, प्रत्येक सहलप्रमुखाच्या फोनमध्ये असावं.

मोकळंच_बोलते
सगळं छान चाललंय, पण ठाणेकरीणताईंचा प्रश्न मागेच राहिला. मूल कोणाच्या हाती?

जिपगुरुजी
त्यावर एक रस्ता आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात ७५ टक्के पालक. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ. तिथे ठराव मांडा. तोंडी बोलू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची शाळा सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ ची आहेत, त्यांत प्रत्येक शाळेने स्वतःची योजना करून सराव घ्यावेत असं म्हटलंय. त्याचा हवाला द्या.

ठाणेकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण काहीतरी करूनच लिहायचं ठरवलं होतं.

अकरा पालक मिळून लेखी पत्र दिलं. मुख्याध्यापिका आधी दुखावल्या. मी म्हटलं, मॅडम, तक्रार नाही, मला शनिवारी काम द्या. तांबे दादांच्या कार्डाचा नमुना दाखवला आणि कलिनाच्या बाईंची गोष्ट वाचून दाखवली. गोष्ट संपल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मी २००५ साली नवीन शिक्षिका होते. आम्ही मुलांना सोडून दिलं होतं. सगळी पोचली, पण ती रात्र मी विसरलेले नाही.”

आता ठरलंय ते असं. प्रत्येक मुलाच्या कार्डावर तीन नावं, फोटोसकट. निदान एक जण चालत येऊ शकेल एवढ्या अंतरावर राहणारा. कार्डं कागदावर, तळमजल्यावर एक संच आणि वरच्या मजल्यावर एक, कारण पाणी आलं तर ऑफिसचं कपाट पहिल्यांदा भिजणार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पावसाचा जोर असताना शाळा घाईने सोडायची नाही. मुलं वरच्या मजल्यावर थांबतील. बिस्किटं, पाणी आणि सतरंज्या ठेवल्यात. पालक येईपर्यंत निदान सहा शिक्षक थांबतील, त्यांची पाळी लावली आहे. त्यांच्या घरच्या लहान मुलांचं काय, हा प्रश्न एका शिक्षिकेनेच विचारला. मग त्यांच्या मुलांसाठीही जवळच्या पालकांची नावं लिहिली. मला हे सुचलंच नव्हतं.

परवा सराव झाला. तीनशे दहा मुलं द्यायला एक तास चाळीस मिनिटं लागली. सहा आजोबा ओळखपत्राशिवाय आले होते, परत पाठवले. त्यातले एक माझे सासरे! चिडले नाहीत, घरी जाऊन आधार कार्ड घेऊन आले आणि लेकाला म्हणाले, “चला, आता मी कायदेशीर आजोबा.” न्यायला येणाऱ्याने लेकाला सांगायचा आमच्या घरचा परवलीचा शब्द ‘शिकरण’ ठेवला होता. मधल्या सुट्टीपर्यंत तो सगळ्या वर्गाला कळला. आता नवीन ठरवलाय, इथे लिहीत नाही.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंचं नाव कार्डावर दुसऱ्या क्रमांकावर आहे. त्यांनी स्वतःहून फोटो काढून दिला.

परडी
ताई!! कार्डाचा नमुना इथे टाका ना.

कलिनाचा_मुलगा
हा धागा आईला वाचून दाखवला. बाई आता नाशिकला मुलाकडे असतात, आईकडे त्यांचा नंबर आहे. संध्याकाळी फोन करतोय.

शांतपणे
कार्डावर औषधासाठी एक रकाना ठेवलाय ना?

ठाणेकरीण
@शांतपणे, ठेवलाय, लाल चौकटीत. नमुना रात्री टाकते. व्हॅनच्या मुलांचं अजून बाकी आहे. आमच्या शाळेत नव्वद मुलं खासगी व्हॅनने येतात आणि व्हॅनवाले काका आठ जण आहेत. रविवारी सकाळी त्यांना चहाला बोलावलंय. व्हॅन मध्येच अडकली तर मुलांना घेऊन कुठे थांबायचं, हे रस्त्यागणिक त्यांनाच विचारायचंय, कारण कुठे पाणी भरतं ते आमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. कुणाकडे अशी यादी आधी केलेली असेल तर पाठवा.